तांब्याचा बिगूल

खांद्यावर शेला येऊन पडला तेव्हा मी ऐरणीला हळदकुंकू वाहत बसलो होतो. वळून पाहतो तर दारात काशिनाथ सोवनी, एका हाताने आपली सायकल सावरत उभा.

"सणासुदीचा असा उघड्या अंगाने काय बसलास? घे. पैठणहून मागवलाय."

"मला कशाला रे?"

"कशाला म्हणजे? आपल्या क्लबाचा बिगूल कुणी घडवला? आणि हे बघ, तुझ्या हातोड्यांची पूजा झाली की हिचीही कर." त्याने सायकल आत ढकलली आणि ओळीने मांडलेल्या हातोड्यांच्या शेजारी, भिंतीला टेकवून ठेवली.

ती अठराशे पंच्याण्णव सालची खंडेनवमी. वर्षभर आमच्या तांबट आळीत पहाटेपासून जी ठणठण चालते ती त्या एका दिवशी बंद असते. हत्यारं धुऊनपुसून पाटावर बसवायची, झेंडू वाहायचा आणि त्यांना हात लावायचा नाही. त्या शांततेत काशिनाथच्या सायकलीला मी झेंडूची माळ घातली. आपल्या बिगुलालाही घातली. शेल्याला जरीचा काठ होता. तो मी दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि दिवसभर उतरवला नाही, इतका मी खुळा होतो.

काशिनाथ गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "कुठल्या कामाचा दिला रे?"

"कामाचा नाही आबा. मित्र आहे माझा."

"दसऱ्याला गिऱ्हाईक आपल्याला कापड देतं ते वर्षाच्या कामाचं. माझ्या बापालाही मिळायचं, मलाही मिळतं. कापड कामाचंच असतं."

मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्याला मैत्री कळत नाही, असं मी मनात म्हटलं.

काशिनाथ आणि मी एका शाळेत होतो. पुढे तो कॉलेजात गेला, वकील झाला; मी भात्यापाशी बसलो. त्याने मुंबईहून सायकल मागवली आणि दुसऱ्याच दिवशी ओंकारेश्वराच्या उतारावर पडून तिचा पुढचा चिमटा मोडून घेतला. एकही लोहार हात लावीना. मी घागरीचा सांधा झाळतो तसा तो चिमटा पितळेने झाळून दिला. काशिनाथने सायकल फिरवून पाहिली, खाली उतरला आणि म्हणाला, "आता तू बस."

मी बसलो. त्याला नीट शिकायला महिना लागला, मला चार दिवस लागले. कॅम्पातल्या एका साहेबाची मोडकी सायकल भंगारात आली होती, तिचा सांगाडा झाळून मी माझी सायकल उभी केली. हळूहळू आणखी पाच-सहा जण जमले आणि आमचा शहर सायकल क्लब झाला.

आज पोरंसोरं सायकलवरून जातात, कुणी मान वर करत नाही. तेव्हा आम्ही रविवारी निघालो की खिडक्या उघडायच्या आणि बैल बुजायचे. क्लबाची शिस्त पलटणीसारखी होती. सगळ्यांत पुढे कप्तान, म्हणजे काशिनाथ. त्याच्या मागे बिगूलवाला, म्हणजे मी. बाकीचे जोडीजोडीने. कप्तानाच्या पुढे कुणी जायचं नाही. कप्तान हात वर करील तसा मी बिगूल वाजवायचा. एक लांब सूर म्हणजे चढा, दोन तुटक म्हणजे उतरा. पहिल्या पावसाळ्यात आम्ही फक्त एवढाच सराव केला. सूर कानावर पडला की पाय आपोआप हलले पाहिजेत, विचार करायचा नाही, असं काशिनाथचं म्हणणं होतं. तो बिगूल मी एका पत्र्यातून ठोकून काढला होता. त्यावरचे हातोड्याचे ठसे अजून मोजता येतात.

सभासदांच्या वहीत चौथं नाव माझं होतं, त्रिंबक रामजी वडके. धंद्याचा रकाना काशिनाथने सगळ्यांचाच कोरा सोडला. "इथे वकील नाही, मास्तर नाही, तांबट नाही," तो म्हणाला, "इथे सगळे स्वार." आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "क्लबातल्या कुणाची सायकल दुरुस्त केलीस तर काही घेऊ नकोस. तू सभासद आहेस, कारागीर नाहीस." मी कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. आमच्या आळीतल्या माणसाचं नाव वकील-मास्तरांच्या ओळीत शाईने लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यापुढे कसली मजुरी!

दिवाळीनंतर बातमी आली. कॅम्पातल्या गोऱ्यांच्या क्लबाने आमच्याशी शर्यत कबूल केली होती. स्वारगेटहून निघायचं, कात्रजचा घाट चढून खेड-शिवापूरला वहीत सही करायची आणि परत. दोन्हीकडून सहा-सहा जण. गावात दुसरा विषय नव्हता. मला त्या सहांत असायचं होतं. शर्यत जिंकलो नसतो तरी चाललं असतं, पण त्या सहांत माझं नाव हवं होतं.

सहा जण निवडायला काशिनाथने घाटात चाचणी ठेवली. पायथ्याशी आम्हाला थांबवून तो म्हणाला, "आज कप्तान वगैरे काही नाही. ज्याची त्याची ताकद बघायची. त्रिंबक, मी पुढे आहे म्हणून मागे रेंगाळू नकोस."

"नक्की ना?"

"अरे जा म्हणतो ना!"

मी गेलो. तिसऱ्या वळणावर काशिनाथला मागे टाकलं. तो हसून "शाबास!" म्हणाला. बोगद्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा माझ्या मागे चिटपाखरू नव्हतं. आनंदाने मला काय करू नि काय नको असं झालं होतं. दरीच्या कठड्यावर उभं राहून खाली पाहिलं, तर एका वळणात काशिनाथ, त्याच्या मागे बाकीचे, सगळे मान खाली घालून पायडल मारतायत. बिगूल माझ्या पाठीला होताच. मी गंमत म्हणून दोन तुटक सूर वाजवले.

आणि सगळे उतरले! एकूण एक. पावसाळाभराचा सराव तो. सर्वांत आधी काशिनाथ उतरला.

मग मोघे मास्तर, आमच्यातला सर्वांत जाडा आणि सर्वांत थट्टेखोर माणूस, रस्त्यातच पोट धरून हसत सुटला. त्याचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. "सोवनी, कप्तान बदलला वाटतं! तांबटाने हुकूम सोडला आणि वकीलसाहेब उतरले!"

सगळे हसले. काशिनाथही हसला, पण जरा उशिराने. वर आल्यावर त्याने माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, "बिगूल इकडे दे. शर्यतीत तो कप्तानाच्या खांद्यावर शोभेल." मी दिला. त्यात वावगं काही आहे असं मला वाटलंच नाही.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी, काशिनाथ आमच्या कारखान्यात आला. हातात छापील कागद होता आणि डोळे लाल होते. माझ्यासमोरच्या पोत्यावर तो बसला. एवढा शुभ्र अंगरखा, पण काळ्या पोत्यावर तसाच बसला.

"तुला घेता येत नाही, त्रिंबक."

"कुठे?"

"शर्यतीत. त्यांचा नियम आहे. विलायतेतही हाच आहे. जो हातकाम करून पोट भरतो किंवा सायकलीच्या कामाचा मोबदला घेतो, तो हौशी स्वार नव्हे. त्याच्याबरोबर ते धावत नाहीत."

"पण मी मोबदला घेतच नाही. तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं नाही? दोन तास भांडलो त्या प्रेस्कॉट साहेबाशी! म्हटलं, हा आमचा सभासद आहे, चौथं नाव आहे याचं. ऐकेना. कुणीतरी त्याच्या कानावर घातलंय की तू तांबट आहेस." त्याने डोळ्यांवर उपरणं दाबलं. "वाटलं, शर्यतच मोडावी. अजून मोडतो, तू म्हणशील तर."

सबंध गाव त्या शर्यतीकडे डोळे लावून बसलेलं. मी कसं म्हणणार? मीच त्याची समजूत घालायला लागलो. "काशिनाथ, अरे, असं काय करतोस? तुम्ही धावा. मला आनंदच आहे." मला आनंद नव्हता. पण समोर तो रडत होता, आणि दोघांनी रडून कसं चालेल?

त्याने पाणी मागितलं. मी दचकलो. सोवन्यांच्या घरातलं कुणी तोवर आमच्या घरचं पाणी प्यालेलं नव्हतं. मी तांब्या दिला आणि त्याने तो रिकामा केला.

"एक कर," जाताना तो म्हणाला. "शर्यतीच्या दिवशी हत्यारं घेऊन खेड-शिवापूरला येऊन थांब. वाटेत काही मोडलं तर दुसऱ्या कुणाच्या हातात मी सायकल द्यायचा नाही. नियमात तू नसशील, पण आमच्यातच आहेस."

"येतो. पण तुझ्या उजव्या पायडलाच्या दांडीची पाचर बदलायला हवी, ढिली झालीय ती."

"बघू, बघू," म्हणून तो गेला.

आबा कोपऱ्यात घागर ठोकत होते, ते थांबले. "तुझ्या घरचं पाणी प्याला," ते म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले. बरं म्हणाले की वाईट, मला समजलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी उजाडायच्या आत टांगा करून निघालो. जरीकाठी शेला घेतला होता. मी धावणार नसलो तरी माझा क्लब धावणार होता ना! खेड-शिवापूरच्या धर्मशाळेपुढे वडाखाली पिशवी उघडून बसलो. ओसरीत टेबलखुर्ची मांडून, घड्याळ आणि सह्यांची वही घेऊन प्रेस्कॉट साहेब बसला होता. बांधकाम खात्यातला माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या. हाच तो, असं मनाशी म्हणत मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

थोड्या वेळाने त्यानेच हाक मारली. "अरे, इकडे ये. ती पिशवी कसली?"

सगळी हयात रस्त्यांवरच्या मजुरांत गेलेली, त्यामुळे साहेबाचं मराठी चांगलं होतं, फक्त 'अहो' त्याला ठाऊक नव्हतं.

"हत्यारं, साहेब."

"नाव काय तुझं?"

"त्रिंबक वडके."

"वडके?" त्याने भुवया उंचावल्या. "कात्रजचा घाट न उतरता चढला तो वडके? आमच्या पोरांनी ऐकलंय. तू आज यायला पाहिजे होतास. मजा आली असती."

माझं डोकं फिरलं. "तुम्हीच येऊ दिलं नाहीत ना साहेब? नियम तुमचा."

"नियम आमचा," साहेब म्हणाला, "पण विचारलं कुणी? तुमच्या कप्तानाचं पत्र आलं मला. कारागीर माणूस चालतो का, त्याने विचारलं. हा सभासदांची कामं करतो, बिगूल करून दिला आणि दसऱ्याला त्याबद्दल कापड घेतो, असंही लिहिलं. त्याच्या सहीने आलं पत्र. आता मी काय उत्तर देणार? नियम तो नियम. त्याने विचारलं नसतं तर मी कशाला पुसायला येतो तुझा बाप काय करतो ते?"

"सोवनीसाहेब तुमच्याकडे येऊन भांडले ना? दोन तास?"

"कोण भांडलं? मी तुमच्या सोवनीला अजून पाहिलेलंसुद्धा नाही."

मी वडाखाली परत आलो आणि बसलो. मांडीवर शेल्याचं टोक पडलं होतं, त्याची जर उन्हात चमकत होती. कापड कामाचंच असतं. आबांना कळलं होतं आणि काशिनाथलाही ते पक्कं ठाऊक होतं. मला तेवढं कळलं नव्हतं. की शेला देताना तो खरंच मित्र म्हणून आला होता आणि घाटानंतर त्याला त्या शेल्याचा उपयोग सुचला? त्याचा मला आजपर्यंत उलगडा झालेला नाही. पण पाणी? पाणी कशाला प्याला तो? रडला असता आणि गेला असता तरी माझा विश्वास बसला असता.

तेवढ्यात धूळ दिसली. दोन गोरे आले, सह्या करून वळले. त्यांच्या मागोमाग काशिनाथ. त्याची सायकल दर फेऱ्याला खट्‌ खट्‌ वाजत होती. टेबलापाशी उतरून त्याने सही केली आणि माझ्याकडे धावला.

"त्रिंबक, पाचर! निम्मी बाहेर आलीय. लवकर, ते दोघे फार पुढे गेलेले नाहीत!"

मी उठलो. आतापर्यंत कितीतरी जणांनी मला विचारलं, तू ती सायकल दरीत का नाही फेकलीस? मी तांबट आहे. मोडलेली वस्तू समोर आली की माझे हात थांबत नाहीत. टांगेवाल्याकडून एक लोखंडी खिळा घेतला, दगडावर ठेवून ठोकला, कानशीने उतरता घासला. दांडीवर तेल आणि धूळ माखली होती. चिंधी शोधायला वेळ नव्हता. मी खांद्यावरचा शेला काढला आणि त्याने दांडी पुसली.

काशिनाथ बघत राहिला. "अरे, तो शेला..."

मी जरीचा काठ आसाभोवती फिरवून आसही पुसला. पाचर बसवली, हातोड्याचे तीन घाव घातले. दांडी जराही हलेना. असं काम मी पूर्वी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

"झालं?" तो सायकलीला हात घालू लागला.

मी मूठ सोडली नाही. "झालं. काशिनाथराव, मजुरी द्या."

अहो-जाहो ऐकून तो चपापला. मग ओसरीत बसलेल्या साहेबाकडे त्याची नजर गेली, तिथून माझ्याकडे आली, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. तोंडाचा रंग उतरला.

"त्रिंबक, हे आत्ता... मी तुला सगळं सांगतो. घरी ये. ते तसं नव्हतं. मोघे त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोलला..."

"मोघे मास्तर कुठे आहेत?"

"येतोय मागून. तुझ्या जागी घेतलंय त्याला."

"बरं. मजुरी द्या."

"शर्यतीत का कुणी खिसा घेऊन येतो? माझ्याकडे काहीसुद्धा नाही!"

"वस्तू चालते मला. मागे कापड चाललं होतं." मी त्याच्या खांद्याकडे बोट दाखवलं. "तो बिगूल द्या."

मागून आणखी दोघे येताना दिसत होते. साहेब खुर्चीतून उठून ओसरीच्या कडेला आला होता आणि बघत होता. काशिनाथने पट्टा डोक्यावरून काढला. बिगूल माझ्या हातात दिला.

मी ओसरीकडे वळलो आणि मोठ्याने म्हणालो, "साहेब, लिहून घ्या. त्रिंबक वडके, तांबट. सायकल दुरुस्त केली, मोबदला मिळाला."

त्या घटकेपर्यंत काशिनाथचं पत्र खोटं होतं. ते खरं मी केलं. आता जगातल्या कुठल्याच क्लबात मी हौशी स्वार म्हणून बसू शकत नव्हतो, आणि ते दार मी माझ्या हाताने लावून घेतलं होतं. निदान लावणारा हात तरी माझा होता.

काशिनाथ चढला आणि निघाला. चढावर त्याचं अंग डावी-उजवीकडे झुलत होतं. मी रस्त्याच्या मधोमध येऊन बिगूल ओठांना लावला. दोन तुटक सूर, बस्स. त्याचे पाय त्याला विचारणार नव्हते, ते उतरले असते.

त्याने मान वळवून पाहिलं. बिगूल माझ्या ओठांशी होता. तो आणखी थोडा पुढे गेला आणि पुन्हा वळून पाहिलं. वळणाआड जाईपर्यंत त्याने चार वेळा मागे पाहिलं आणि दर वेळी सायकल हेलकावली. चौथ्या वेळेस मागून आलेला गोरा त्याला ओलांडून गेला.

मी वाजवला नाही. वाजवण्याची गरजच उरली नव्हती.

पुढल्याच वर्षी प्लेग आला आणि क्लब मोडला. काशिनाथ त्यानंतर कधी आमच्या आळीतून गेला नाही. कोर्टात जायला ती वाट जवळची असूनही.

त्या दिवशी मी हत्यारं गोळा केली, तेलाने काळा झालेला शेला पिशवीत कोंबला आणि टांग्यात बसलो. घाट लागल्यावर टांगेवाल्याने माझ्या मांडीवरच्या बिगुलाकडे पाहिलं.

"झ्याक हाय की वो. कुणी दिला?"

"दिला नाही कुणी," मी म्हटलं. "मजुरी आहे माझी."